एलोजी तेल्याच्या दारातलं पाणी

एलोजी तेल्याची गोष्ट मी नातवंडांना पुष्कळदा सांगितली आहे, पण दर वेळी अर्धीच. त्याचा घाणा, त्याचा बैल, त्याचा शनिवार, एवढं सांगायचं आणि उठून चुलीकडं जायचं. उरलेल्या अर्ध्यात मी आहे. माझं तोंड तिखट म्हणून माहेर-सासर दोन्ही गावांत नाव आहे. सुना, जावई, तलाठी, कुणाला मी सोडलेलं नाही. एकदाच ते उघडायला हवं होतं, तेव्हा नेमकं मिटून राहिलं. आता सगळं लिहून काढते. लाज वाटते, तर वाटू दे.

परंड्यात आमची गल्ली किल्ल्याच्या अंगाला होती. निजामाचं राज्य, त्यामुळं कचेऱ्या शुक्रवारी बंद. आमचं घर लिंगायताचं. वडील लवकर गेले होते. घरात आई, पार्वतम्मा, आणि मी. आईला मी अव्वा म्हणायची. आमच्या भिंतीला भिंत लावून शांतलिंगप्पा नावाच्या व्यापाऱ्याचा तेलाचा घाणा होता. त्या घाण्यावर एलोजी कामाला होता आणि घाण्यामागच्या दोन खोल्यांत बायको मिल्काबाईसह राहत होता. कोकणातून कुर्डुवाडीमार्गे इथं आलेली माणसं. मूलबाळ जगलं नव्हतं. धर्मानं ती ज्यू, त्यांच्या बोलण्यात बेने इस्राएल. पण परंड्यात हे कुणाला उमगणार? एलोजी शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गाव त्याला शनवारतेली म्हणायचं. कोकणातही म्हणे त्यांना हेच नाव होतं.

माणूस बारका, हात कायम करडईच्या तेलानं ओले, बोलणं मोजकं. माणसांपेक्षा बैलाशी जास्त बोलायचा. आठवड्याचे सहा दिवस घाण्याची कुरकुर आमच्या भिंतीतून ऐकू यायची आणि शनिवारी ती थांबायची. त्या दिवशी बैलही दाव्याला निवांत रवंथ करत बसे. आमच्यात बसवण्णाचा वार म्हणून सोमवारी बैल जुंपत नाहीत. अव्वा थट्टेनं म्हणायची, "येलोजी, तुमचा बैल आमच्या घरला असता तर दोन-दोन सुट्ट्या मारल्या असत्या त्यानं."

"मारू द्या की पार्वतम्मा," एलोजी म्हणायचा, "त्यालाबी जीव हाय."

रोज सकाळी घाणा जुंपायच्या आधी तो अंगणात मावळतीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटायचा. भाषा आपली नव्हे. मला वाटायचं, मंत्र असेल बैलाला नजर लागू नये म्हणून. तसं काही नव्हतं, हे पुढं मिल्काबाईनं सांगितलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माहेरी पडून होते. तामलवाडीला माझं सासर. तीन वर्षांत मूल झालं नाही, सासूशी पटलं नाही; एका संक्रांतीला माहेरी आणून घातलं आणि न्यायला कुणी आलंच नाही. दोन वर्षं झाली. गल्लीतल्या बाया तोंडावर काही बोलत नव्हत्या, पण पाण्याला गेले की त्यांचं बोलणं थांबायचं.

त्याच सुमाराला मिल्काबाई आजारी पडली. खोकला धरला तो सुटेना, अंगावरचं मांस उतरलं. एलोजी घाण्याला बांधलेला, तिला घागर उचलवेना. मग अव्वानं स्वतःहून त्यांचं पाणी भरायला घेतलं. अव्वा जिभेनं फटकळ आणि सोवळ्याओवळ्याची फार. आमच्यात त्याला मडी म्हणतात. न्हाऊन, ओल्या लुगड्यानं, कुणाला शिवू न देता ती आडावरून पाणी आणायची. त्यातल्याच दोन घागरी एलोजीच्या रांजणात ओतायची आणि उंबऱ्यावरूनच माघारी फिरायची. मला ताकीद होती: "दारात पाणी ठिवायचं आन परतायचं. आत बसायचं न्हाय, तिथलं तोंडात घालायचं न्हाय. मटण-मासळी खाणारी मान्सं हायत. आन तिचा खोकला चांगला न्हाय."

मी आत बसले आणि तोंडातही घातलं. शनिवारी दुपारी अव्वा मठात गेली की मी भिंतीच्या फटीतून त्यांच्या परसात जायची. सासरनं टाकलेल्या बाईशी सरळ बोलणारं त्या गल्लीत दुसरं कोण होतं? मिल्काबाई भिंतीला टेकून बसायची, मला शुक्रवारी केलेली गोड पोळी द्यायची, काळे मनुके भिजवून केलेलं सरबत द्यायची. आणि धापा टाकत का होईना, बोलायची. तिचा बाप त्यांच्या लोकांत धर्मकर्म सांगणारा होता. त्याच्याकडून तिनं पुष्कळ उचललं होतं.

एकदा मी विचारलं, एलोजी सकाळी काय पुटपुटतात. ती म्हणाली, "देवाला सांगतो गो, तू माझ्यात जो आत्मा घातलास तो चोख आहे. निजताना आपण आत्मा देवाकडं ठेवायला देतो. सकाळी तो परत देतो. आणि धुऊन देतो."

"रोज?"

"रोज."

"आन दिवसा पाप क्येलं तर?"

"पाप तू करतेस. आत्मा त्याचा आहे, तो मुळात मळका नाही. कुणाच्या शिवण्यानं बाटत नाही. नुसता आमचाच नाही, सगळ्यांचा तसाच. तुझा पण."

मला हसू आलं. आमच्या घरात तर शिवाशिवीशिवाय पानही हलत नव्हतं. मी गळ्यातलं लिंग दाखवून म्हटलं, आमचा देव तर आमच्या छातीवरच असतो. ती म्हणाली, "बरं आहे की. तुमचा छातीवर, आमची त्याची फुंकर नाकात." मग तिनं बोटांवर मोजून सांगितलं की माणसाचा जीव तीन पदरी असतो. एक पदर रक्तात, तो जनावरालाही आहे. दुसरा श्वासात, त्यानं माणूस रागावतो, माया करतो. तिसरा देवाच्या फुंकरीचा; बरंवाईट कळतं ते त्यानं. मेल्यावर सगळ्यांत आधी तोच वर जातो.

शनिवारची गंमत वेगळीच. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांच्यात प्रत्येकाला आणखी एक आत्मा पाहुणा येतो, म्हणायची. शनिवारी संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या की तो जातो, आणि गेल्याचं माणसाला दुःख होतं. ते दुःख हलकं व्हावं म्हणून सब्जाच्या पानांचा वास घ्यायचा. तिनं परसात सब्जा लावला होता. मी निघेपर्यंत चांदण्या दिसायला लागायच्या; ती डहाळी चुरगाळून माझ्या नाकाशी धरायची आणि म्हणायची, "घे, तुझा पण पाहुणा गेला असेल." मी डहाळी पदरात खोचून घरी यायची.

फाल्गुनात तिची तब्येत फारच खालावली. त्या शनिवारी तिनं माझा हात धरला. तिचा हात नुसता हाडांचा राहिला होता.

"गौरा, एक काम सांगते. मी गेले की तो घरातलं सगळं पाणी बाहेर ओतील. आमच्यात रीत आहे. मरण घरात आलं हे तोंडानं बोलू नये. पाणी ओतलं की शेजाऱ्यांनी ओळखायचं आणि धावून यायचं. कोकणात आमच्या गावात आगरी, कोळी, सगळ्यांना ठाऊक असतं. इथं कुणाला ठाऊक नाही. पाण्याच्या टंचाईचे दिवस, लोक काहीतरी भलतं समजतील. तू सांग हां त्यांना."

"सांगीन की."

"आणि मढं एकटं ठेवायचं नसतं गो. आत्मा तिथंच घुटमळत असतो, त्याला कळतं. मातीत जाईपर्यंत कुणीतरी जवळ पाहिजे. तो एकटा आहे. तू घटकाभर बसशील ना?"

मी हो म्हटलं. शपथ घातली नव्हती तिनं, पण मी आपण होऊन गळ्यातल्या लिंगाला हात लावून हो म्हटलं.

ते त्रेचाळीस साल. चैत्रातच आड तळाला गेला होता. बाया उजाडायच्या आधी जाऊन वाटीवाटीनं झिरपा भरायच्या. आणि त्याच चैत्रात एका गुरुवारी माझे सासरे महांतप्पा न कळवता आले. सुनेला न्यायला आलो आहे म्हणाले. अव्वाच्या डोळ्यांना धारा लागल्या, आनंदाच्या. रात्रीचं जेवण झाल्यावर सासऱ्यांनी सुपारी कातरत विचारलं, "शेजारी कोन ह्ये? तेली म्हंत्यात, पर देवळात दिसत न्हाय."

अव्वानं सांगितलं, बाहेरचे आहेत, भले लोक आहेत.

"उठबस हाय का त्यांच्यात? खानंपिनं?" हे मला विचारलं होतं.

"न्हाय मामंजी," मी म्हटलं. "म्या त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवला न्हाय."

किती सहज म्हटलं! पापणीसुद्धा हलली नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अव्वा नेहमीसारखी उजाडायच्या आधी आडावर गेली, पहिल्या दोन घागरी एलोजीच्या रांजणात ओतून पुन्हा गेली. मी अंगण झाडत होते. सूर्य वर आला तरी घाण्याची कुरकुर सुरू झाली नव्हती. तेवढ्यात एलोजी हातात घागर घेऊन दारात आला आणि त्यानं ती गल्लीत पालथी केली. आत गेला, तांब्या घेऊन आला, तो ओतला. कळशी ओतली. शेवटी रांजण ओढत उंबऱ्याशी आणला आणि कलंडला. अव्वानं भरलेलं सगळं पाणी धुळीत गेलं. जमीन इतकी तापलेली की बघता बघता नुसती ओल राहिली.

नेमकी तेव्हाच अव्वा दुसऱ्या घागरी घेऊन कोपऱ्यावरून वळली.

"काय क्येलंसा ह्ये?" ती जागच्या जागी थांबली. "येलोजी? म्या भरल्यालं पानी हुतं त्ये."

त्यांच्या रीतीनं एलोजी बोलणारच नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मिल्काबाईनं त्याला सांगून ठेवलं असणार, गौराला ठाऊक आहे, ती सगळ्यांना सांगेल. तो वाट बघत होता.

माझ्या मागं ओट्यावर सासरे बसले होते. मी बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, तुला कुणी सांगितलं? कधी सांगितलं? उंबऱ्याच्या आत पाय न ठेवता? मी खराटा उचलला आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागले.

अव्वाचा चेहरा आधी पडला आणि मग लाल झाला. "मडीनं भरून आनलं म्या," ती म्हणाली. "झिऱ्याला चार-चार घटका बसून. माझ्या हातचं तुमास्नी बाटकं वाटलं व्हय? रस्त्यावर ओतलंसा?" आणि घागरी घेऊन ती घरात शिरली.

तासाभरात गल्लीत झालं: शनवारतेल्यानं पार्वतम्माचं पाणी रस्त्यावर ओतलं. लिंगायताच्या हातचं चालत नाही म्हणे त्याला. पाण्याचा दुष्काळ, आणि माज बघा. कुणी म्हणालं, करणी असेल. आत बाई मरून पडली आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मालक शांतलिंगप्पा बार्शीच्या बाजाराला गेलेला, तो असता तर त्यानं तरी विचारलं असतं.

एलोजी दारात यायचा आणि पुन्हा आत जायचा. दोन पावलं गल्लीत टाकायचा, मागं बघायचा, परतायचा. लोक म्हणाले, डोकं फिरलं. मला ठाऊक होतं ते काय चाललंय. घरात पाण्याचा थेंब नाही. तिला न्हाऊ घालायचं तर आडावर जायला हवं, आणि तिला एकटं टाकून उंबरा ओलांडता येत नाही. आणि शुक्रवार होता. दिवस मावळायच्या आत माती द्यायला हवी, नाहीतर शनिवार लागणार.

शेवटी तो आमच्या भिंतीशी आला. सासरे आत पडले होते. मी परसातल्या चुलीशी होते. तो हळू म्हणाला, "गौराबाई, मिल्का गेली. घडीभर बसता का तिच्यापाशी? म्या पानी घिऊन येतो."

त्यानं रीत मोडून तोंडानं सांगितलं. मला, जिला सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "अव्वाला इचारते." आत गेले. माजघरात अव्वा पाठ करून रडत होती, अपमानानं. मी तिच्या मागं उभी राहिले. एक वाक्य पुरलं असतं, तिच्या कानात. सासऱ्यांना ऐकूही गेलं नसतं. मी तिथून मागल्या खोलीत गेले आणि माझं गाठोडं बांधायला लागले. बाहेर तो किती वेळ उभा होता, मी पाहिलं नाही.

दुपारी घाण्याच्या बैलाचे घुंगूर वाजले. मी फटीतून बघितलं. एलोजीनं पेंडीच्या गाडीला बैल जुंपला होता. गाडीत पांढऱ्या चादरीत मिल्काबाई, शेजारी कुदळ, फावडं, दोन रिकाम्या घागरी. ती चादर बघून गल्लीला कळलं, पण तोवर एकेकानं इतकं बोलून ठेवलं होतं की कुणाचा पाय पुढं निघेना. खांदा द्यायला चार माणसं नव्हती, म्हणून बैलानं नेली तिला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. गावाबाहेर शांतलिंगप्पाच्या रानालगत धुरपताबाईचं शेत होतं. तिनं ते अव्वाला सांगितलं, मी ओट्यावर ऐकत होते. त्यानं आधी गाडी आडावर नेली, कासरा मनगटाला बांधूनच पाणी शेंदलं, गाडीकडं पाठ म्हणून केली नाही. मग रानात आणून खणायला लागला. चैत्राची जमीन, कुदळ उसळायची. त्यांच्यात बाईला बायांनी न्हाऊ घालायचं असतं. तो एकटा चादर धरून अवघडला होता, तेव्हा धुरपताबाई खुरपं टाकून गेली. आपलं लुगडं आडवं धरलं, पाणी ओतलं, तिनंच न्हाऊ घातलं. "कोन, कुठली, मला काय ठावं," ती म्हणाली, "पर बाई हुती. आन बाप्या एकलाच." शेवटचं फावडं पडलं तेव्हा दिवस बुडून गेला होता. जन्मात पहिल्यांदा एलोजीच्या हातून शनिवार मोडला. फावडं टाकून त्यानं हातांकडं पाहिलं आणि तेव्हा रडला म्हणे.

धुरपताबाईला काही ठाऊक नव्हतं, तरी ती धावून गेली. मला सगळं ठाऊक होतं.

रविवारी सासऱ्यांबरोबर निघाले. जाताना एलोजीच्या दारातून आत नजर गेली. मिल्काबाई जिथं निजायची तिथं जमिनीवर दिवा तेवत होता आणि शेजारी पाण्यानं भरलेला पेला होता. सात दिवस आत्मा घरी येतो-जातो, त्याच्यासाठी. पाणी त्यानंच कुठून तरी आणलं असेल. अव्वानं भरणं सोडलं होतं. आणि त्या सकाळी भिंतीपलीकडून त्याचं ते पुटपुटणंही ऐकू आलं होतं. देवानं त्याला त्याचा आत्मा धुऊन परत दिला होता. मला काय दिलं होतं, कुणास ठाऊक. सबंध वाटेत मी सासऱ्यांना तहान लागली असं एकदाही म्हटलं नाही.

सासरी नांदले. मुलगा झाला, मुलगी झाली. परंड्याला जायची तेव्हा एलोजी भिंतीवरून विचारायचा, "गौराबाई, बरं हाय न्हवं? लेकरं बरी?" आवाजात कधी काटा नाही. एखादा शब्द तरी लावून बोलायला हवा होता त्यानं. मी उलट बोलले असते, भांडले असते, मोकळी झाले असते. तो बोलला नाही. अव्वाही त्याच्याशी बोलत नव्हती, पण तिच्याकडं कारण होतं. मरणाच्या दिवशीही आपलं पाणी त्याला बाटकं वाटलं असं धरून चार वर्षं ती त्या एका सकाळच्या रागावर जगली, आणि तिच्या रागाला मी खतपाणी घालत राहिले. ती म्हणाली, "त्या तेल्याचा माज", की मी मान हलवायची.

सत्तेचाळीसच्या वैशाखात मी लेकरांना घेऊन माहेरी होते. बुधवारचा दिवस. उन्हं चढायला लागली होती, मी ज्वारी निवडत होते, आणि घाणा थांबला. शनिवार नसताना. मी थोडं थांबले. बैल पाणी पीत असेल. मग उठले आणि तीच भिंतीची फट ओलांडून गेले.

एलोजी घाण्याच्या कडेला बसला होता, मान खाली. हात तेलानं ओले होते. बैल मान वळवून त्याच्याकडं बघत उभा होता. मी हाक मारली, शिवून पाहिलं. गेला होता.

ओरडत गल्लीत धावावं असं पहिल्यांदा मनात आलं. पाऊल उचललंही. आणि मग आठवलं, एकटं ठेवायचं नाही. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. चार वर्षांपूर्वी जिथं बसायचं होतं, तिथून दहा हातांवर. पण कुणाला तरी कळवायला हवं होतं. रांजण दाराशीच होता, तिथून एलोजी नजरेसमोर राहत होता. मी उठले आणि त्याच्या घरातलं पाणी गल्लीत ओतायला लागले. तांब्या, कळशी, घागर. रांजण एकटीनं हलेना, तेव्हा पायानं ढकलून पाडला. पाणी उतारानं वाहत आमच्या पायरीपर्यंत गेलं.

अव्वा बाहेर आली. ओल्या पायरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पुन्यांदा?" ती म्हणाली. "आन तू ओततीस?"

आणखी माणसं दारांत आली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. एलोजी गेला म्हणून सांगितलं. त्यांच्यात मरण तोंडानं सांगत नाहीत, पाणी ओतून सांगतात, म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्यानं तुझं पाणी ओतलं ते मिल्काबाई गेली म्हणून ओतलं, अव्वा. बाटलं म्हणून नव्हे. त्यांच्यात काही बाटत नाही.

अव्वा पायरी उतरून त्या ओलीत उभी राहिली.

"तुला कवा कळलं?"

"आधीच. मिल्काबाईनं सांगितलं हुतं. मी शनवारी जायाची तिकडं. खायाचीबी. मामंजी बसलं हुतं, म्हनून..."

"तू तिथं जायाचीस त्ये मला ठावं हुतं," अव्वा म्हणाली. "दर शनवारी तुझ्या पदराला सब्जाचा वास यायचा. म्हनलं, पोरीला दोन घटका बरं वाटतंय, जाऊ दे. म्या कवा बोलले का?"

"न्हाय," मी म्हटलं.

"मग माझ्या कानात सांगायला काय झालं हुतं?"

मी पाडलेला रांजण उभा करायला वाकले.

अव्वा घरात गेली. मला वाटलं, दार लावून घेईल. ती आमची पहिली घागर घेऊन बाहेर आली आणि तिनं ती गल्लीत ओतली. मग दुसरी. मडीनं भरलेली, देवासाठी वेगळी ठेवलेली. कळशीही ओतली. त्यांच्यात शेजारच्या घरांतलंही पाणी ओततात, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

मग ती आत येऊन एलोजीपाशी बसली आणि गल्लीकडं बघून म्हणाली, "बघत काय ऱ्हायलाव? खांदा द्या."

खांद्याला चार नाही, पंधरा माणसं आली. मिल्काबाईशेजारीच त्याला ठेवलं, दिवस बराच वर असताना. त्यांच्या प्रार्थनेतलं कुणाला काही येत नव्हतं. ज्याला जे आलं ते तो म्हणाला.

त्याच्या खोलीत दिवा आणि पेला ठेवायचा असतो, एवढं मी अव्वाला सांगितलं. सात दिवस तिनं दिवा विझू दिला नाही, त्याच्याच घाण्याचं तेल घालून. पेल्यातलं पाणी ती रोज आडावरून ताजं आणायची, न्हाऊन, ओल्या लुगड्यानं. तिसऱ्या दिवशी तिला चालवेना, तेव्हा मी घागर घ्यायला हात पुढं केला.

"तू ऱ्हाऊ दे," अव्वा म्हणाली, आणि घागर दुसऱ्या कमरेवर घेतली.